मुशीच्या पोटात पिल्लं, आणि पुस्तकात दोन नावं

प्रश्न : परवा दिवाळे कोळीवाड्यातून मुशी आणली, साफ करताना पोटातून आठ-दहा पिल्लं निघाली, हुबेहूब आईसारखी! मी बीएस्सीला हिला स्कॉलिओडॉन सोराकोवा म्हणून कापलंय, लेक म्हणते लॅटिकॉडस. खरं काय? आणि पिल्लं देणाऱ्या शार्कचा वेगळा गट असतो का?
– एक वाचक, नेरूळ

उत्तर : लेकीचंच खरं, पण तुमचीही चूक नाही हो, तेव्हाच्या पुस्तकांत तसंच छापलेलं असायचं. झालं असं की पूर्वी बऱ्याच छोट्या मुशी स्कॉलिओडॉन या एकाच नावाखाली ढकलल्या जायच्या. 1964 मध्ये मत्स्यशास्त्रज्ञ स्प्रिंगर यांनी सगळ्यांचे दात, पर, थोबाड नीट तपासून त्या तीन वंशांत वाटल्या, स्कॉलिओडॉन, लॉक्सोडॉन आणि रायझोप्रिओनोडॉन, आणि स्कॉलिओडॉनमध्ये एकटी लॅटिकॉडस उरली, जिचं नाव म्युलर आणि हेन्ले यांनी 1838 मध्येच ठेवलेलं होतं. पुढच्या वेळी बघा, थोबाड फावड्यासारखं चपटं आणि पाठीवरचा दुसरा छोटा पर खालच्या गुदपराच्या सुरुवातीपेक्षा बराच मागे सुरू होत असेल तर तीच. कोळीणबाईला लॅटिन विचारू नका, ती मुशी म्हणेल, मालवणात मोरी म्हणतील, झालं.

आता पिल्लं. नुसती पिल्लं देते म्हणून वेगळा गट करत नाहीत, कारण तिच्याच गणातले (म्हणजे अनेक कुळांच्या मोठ्या गटातले) कॅटशार्क चक्क अंडी घालतात, आणि टायगर शार्क पिल्लं देतो पण त्यात नाळच नसते (तो आधी मुशीच्याच कुळात होता, आता त्याला वेगळं कुळ देतात). मुशीचं प्रकरण मात्र भारी आहे, अंडं जेमतेम 1 मिलिमीटरचं, शार्कमध्ये सगळ्यात लहान, त्यात बलक जवळपास नाहीच, मग पिल्लू खाणार काय, तर गर्भ अगदी इवलासा असतानाच वार (गर्भाला आईशी जोडणारी, नाळेची) तयार होते आणि आईकडूनच पोषण मिळतं, आपल्यासारखंच म्हणा ना. तरी ती सस्तन नाही हं, दूध कुठलं पाजतेय! पिल्लं साधारण 12 ते 15 सेंटिमीटरची होऊन बाहेर येतात. तुम्हाला ती हुबेहूब आईसारखी दिसली म्हणजे दिवस भरत आले होते.

आणि हो, लेकीला सांगा, एकटी उरली हेही आता जुनं झालं. 2010 मध्ये पश्चिम पॅसिफिकमधली मुशी मॅक्रोऱ्हिंकोस म्हणून पुन्हा वेगळी काढली. तुमच्या कालवणातली लॅटिकॉडसच.