ग्लोकेनथालर की ग्लॉकनटालर? आणि हा थाल म्हणजे आपलं स्थळ का?

प्रश्न असा होता की जुन्या नाण्यांच्या एका यादीत "ग्लोकेनथालर, १६४३, चांदी" असं वाचलं, तर हा शब्द मराठीत कसा लिहायचा आणि त्यातला थाल आपल्या स्थळाचा किंवा थाळीचा नातेवाईक आहे का.

आधी दुसरं सांगतो, नाही. तो थ मुळात थ नाहीच. जर्मनमध्ये टाल म्हणजे दरी, जुन्या स्पेलिंगमध्ये टी नंतर एक एच असायचा पण उच्चार ट असाच, आणि १९०१ च्या शुद्धलेखन सुधारणेत तो एच काढूनच टाकला. आपण मात्र इंग्रजीतून वाचतो म्हणून थालर म्हणतो, तसंच नीअँडरथल, तिथेही नीअँडरची दरीच आहे, ड्युसेलडॉर्फजवळची. स्थळ येतं स्था पासून, त्याचे तिकडचे भाऊबंद म्हणजे जर्मन श्टेएन आणि इंग्रजी स्टँड. टालचा भाऊ इंग्रजीत डेल. जर्मन ट तिथे इंग्रजी ड हे नेहमीचंच, टाग-डे, टोख्टर-डॉटर, आणि त्याच रांगेत टालर-डॉलर! फक्त डॉलर थेट जर्मनमधून नाही आला, उत्तरेकडच्या बोलींत आणि डचमध्ये डालर म्हणायचे तिथून इंग्रजीत गेला.

आता दरीचा नाण्याशी काय संबंध? बोहेमियात योआखिमस्टाल म्हणून गाव, आज चेक देशात याखिमोव्ह. तिथे १५१६ च्या सुमारास चांदीची खाण लागली आणि श्लिक घराण्याच्या सरदारांनी चांदीची मोठी नाणी पाडायला घेतली. चांदवडच्या टांकसाळीचा तो चांदवडी रुपया, तसा योआखिमस्टालचा तो योआखिमस्टालर. रोजच्या व्यवहारात एवढं लांबलचक कोण म्हणणार, पुढचं गळालं आणि टालर उरलं. म्हणजे ज्या गावाचं नाव होतं तेच गेलं आणि "दरीवाला" तेवढा राहिला, गंमतच आहे. मग कुठल्याही जर्मन राज्याचं तसं मोठं नाणं म्हणजे टालर, वजन साधारण २९ ग्रॅम, आपल्या तोळ्याच्या रुपयाच्या अडीच पट.

नुसतं टालर म्हटल्यावर कुठला ते कळेना, म्हणून चित्रावरून नावं पडली, आपला अंकुशी रुपया जसा अंकुशाच्या खुणेवरून. यात ब्राउनश्वाइगचे ड्यूक लोक फार पुढे, त्यांना भांडणं नाण्यावर काढायची हौसच होती. हाइनरिश युलिउसचं आपल्याच सरदारांशी वाजलं तेव्हा त्याने १५९९ ला सिंहावर तुटून पडलेल्या गांधीलमाशांचा टालर काढला, आणि त्याआधी एक लबाडीचा आणि एक सत्याचा टालरसुद्धा.

ग्लॉकं म्हणजे घंटा, मधला न नुसता जोडायचा. हा टालर ब्राउनश्वाइगच्याच ऑगस्ट ड्यूकचा. तीस वर्षांच्या युद्धात १६२७ ला त्याच्या घराण्याची राजधानी वोल्फेनब्युटेल बादशाही, म्हणजे पवित्र रोमन सम्राटाच्या, फौजेच्या ताब्यात गेली. १६४२ ला गोस्लारला तह झाला, शहर परत द्यायचं ठरलं, पण शिबंदी काही हलेना, ती गेली थेट १६४३ मध्ये. त्या आनंदात ड्यूकने एक नाही, सात प्रकारचे घंटा टालर पाडले. पहिल्याचा फोटो कुठे मिळाला तर झूम करून बघा, घंटा आहे पण आत लोलकच नाही, म्हणजे वाजणार कशी? एकावर लोलक वेगळा दाखवलाय, आणि शेवटी लोलक बसवून दोरांनी घंटा वाजवतायत, वर लॅटिनमध्ये "टांडेम पाशिएन्शिया विक्ट्रिक्स", अखेर सबुरी जिंकली. लोलक नसलेल्या घंटेचा अर्थ मी तरी असा लावतो की तह झाला, सह्या झाल्या आणि हातात काय, घंटा! मराठी माणसाला हा टालर समजावून सांगावा लागू नये.

एक आपल्याकडचा धागाही आहे. ऑस्ट्रियाचा मारिया टेरेझा टालर अरबस्तानात आणि इथिओपियात इतका चालायचा की दुसऱ्या महायुद्धात तो मुंबईच्या टांकसाळीत पाडला गेला, आणि तोसुद्धा १७८० हेच साल ठेवून!

तर लिहिताना ग्लॉकनटालर, एकच शब्द, मध्ये रेघ नको. घंटा टालर म्हटलं तरी मला चालेल. आणि अनेकवचनाला स लावून टालर्स करू नका, जर्मनमध्येही एक टालर, सात टालर.