थायरॉईडची गोळी सकाळच्या चहासोबत घेतली तर चालते का?

नाही, चहासोबत नको. थायरॉक्सिनची गोळी उपाशीपोटी, साध्या पाण्यासोबत घ्या. चहा-नाश्ता निदान अर्ध्या तासाने, जमलं तर तासाभराने. ही गोळी आतड्यात शोषली जाते आणि चहा, कॉफी, दूध त्यात आडवे येतात. मग डोस बरोबर असूनही टीएसएच (थायरॉईड कमी पडलं की रक्तात वाढणारा हार्मोन) चढाच राहतो. थकवा, बद्धकोष्ठता, पाळीच्या तक्रारी हटत नाहीत. मी फार्मासिस्ट आहे. काउंटरवर दिसणारा मोठा घोळ मात्र चहाचा नाही, कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांचा. त्या आणि थायरॉईडची गोळी यांच्यात 4 तासांचं अंतर हवंच. सकाळी जमतच नसेल तर डॉक्टरांना विचारून रात्री, जेवणानंतर 3 तासांनी घेता येते. वेळ बदललीत तर 6 ते 8 आठवड्यांनी टीएसएच पुन्हा तपासा.