तुमचा सर्वांत आवडता कलाकार किंवा संगीतकार कोण, आणि त्यांच्याकडून तुम्हाला नेमकी कोणती प्रेरणा मिळाली?

माझे उत्तर आहे रामभाऊ विजापुरे. बेळगाव, धारवाड आणि मिरज या टापूबाहेरच्या बहुतेकांना हे नाव ठाऊक नसेल, आणि त्याचे कारण एवढेच की ते गायक नव्हते, पेटीवादक (हार्मोनियम वाजवणारे) होते. आमच्या भागात नावांची वाण नाही. कुमार गंधर्वांचा जन्म 1924 साली बेळगाव तालुक्यातल्या सुळेभावीचा, मल्लिकार्जुन मन्सूर आणि गंगूबाई हनगल धारवाडकडचे, भीमसेन जोशी गदगकडचे. यांपैकी कोणतेही एक नाव सांगितले असते तर मला पुढे काही लिहावे लागले नसते. विजापुरे मास्तर (1917–2010) अशा थोरामोठ्यांच्या शेजारी पेटी घेऊन बसले. मी त्यांचा शिष्य नव्हे, माझी त्यांच्याशी ओळखही नव्हती. मी त्यांना श्रोत्यांच्या गर्दीत मांडी घालून ऐकले आहे, तेवढाच माझा अधिकार.

हे नाव मी इतक्या ठासून का सांगतो, त्यामागे माझ्या धाकट्या काकांशी झालेले, बावीस वर्षे चाललेले भांडण आहे. बेळगावच्या वडगावात आमच्या घरी चार यंत्रमाग होते. साड्यांचे काम होते, आणि सकाळपासून रात्रीपर्यंत मागांचा खडखडाट एवढा असे की घरात सगळे जण मोठ्यानेच बोलत. रेडिओवर कुमार गंधर्व लागले की मात्र काका स्वतः उठून चारही माग बंद करीत, मग ऑर्डर कितीही तातडीची असो. क्षयाने आजारी पडून देवासला गेलेले, काही वर्षे गाणे बंद ठेवावे लागलेले आणि पुढे एका फुप्फुसाच्या बळावर गायलेले कुमारजी ही काकांची प्रेरणाकथा होती, आणि आम्ही मुले कंटाळा करू लागलो की ती आम्हाला ऐकवली जाई. स्पष्ट सांगतो, ती कथा ऐकवणाऱ्यांपैकी निम्म्यांना कुमारजींनी आजारातून उठल्यावर माळव्याच्या लोकधुनांतून कोणते नवे राग उभे केले, हे सांगता येत नाही. काकांना मात्र ते सांगता येई, म्हणूनच त्यांच्याशी भांडायला मजा येत असे.

काकांचे ठाम मत असे की कलाकार म्हणजे गाणारा, फार तर सतारिया. पेटी वाजवणारा म्हणजे दुसऱ्याच्या पंगतीत वाढपी. मी तेव्हा भजनी मंडळात पेटी वाजवत होतो, त्यामुळे हे मत माझ्या जेवणाच्या ताटासमोर वारंवार मांडले जाई.

1989 च्या गणेशोत्सवात आमच्या गल्लीच्या मंडळाने धारवाडकडचे एक गायक बोलावले होते. त्यांचे पेटीवाले मागून निघाले होते आणि त्यांची एसटी कित्तूरजवळ बंद पडल्याचा निरोप आला. आरती होऊन गेलेली, लोक सतरंजीवर बसलेले, तबला लागलेला. कोणीतरी माझे नाव सुचवले आणि एकोणीस वर्षांचा मी घरची पेटी उचलून स्टेजवर गेलो. बुवांनी काळी एक सांगितली (म्हणजे पहिली काळी पट्टी हा सा) आणि बागेश्री राग सुरू केला.

मी काय केले असेल, हे कोणत्याही भजनी पेटीवाल्याला सांगावे लागणार नाही. बुवा मध्यमावरून कोमल गंधारावर मींडेने (सूर न तुटता घसरत) उतरत, तर मी मधल्या सगळ्या जागा बोटांनी भरून काढी. ते श्वास घ्यायला थांबत, तर मी तेवढ्यात एक छोटी तान मारून घेई. आणि समोर काका बसले आहेत, हे मला प्रत्येक सुराला आठवत होते. विलंबिताची पाच-सात आवर्तने बुवांनी सोसली. मग गाणे न थांबवता त्यांनी डावा हात लांब केला आणि तळवा माझ्या पेटीच्या भात्यावर हलकेच टेकवला. भाता मिटला. त्यांनी माझ्याकडे न पाहता, दोन ओळींच्या मधल्या जागेत म्हटले, “सावकाश, तम्मा, सावकाश.” तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ, सावकाश हा शब्द आमच्याकडे दोन्ही भाषांचा असल्यामुळे भाषांतराची सबब मला नव्हती.

पुढचा तासभर मी डाव्या हाताने भाता जेमतेम हलता ठेवला, षड्जाचा आधार तेवढा दिला, आणि बुवा एखाद्या सुरावर स्थिरावले की मागोमाग तोच सूर धरला. मींड आली की बोट उचलले. भैरवी झाली तेव्हा माझा सदरा घामाने पाठीला चिकटला होता, आणि बुवांनी पाठीवर थाप मारली ती त्याच ओल्या सदऱ्यावर.

घरी चालत येताना काका म्हणाले, “आज पेटी ऐकूच येईना की रे.” त्यांनी ते हिणवण्यासाठी म्हटले होते. मी विचारले, “तुमच्या साडीत ताण्याचा उभा धागा दिसतो का?” ते क्षणभरही न थांबता म्हणाले, “माग बंद पडतो, तेव्हाच ताण्याची आठवण होते.” हे उत्तर इतके नेमके होते की मी गल्लीच्या तोंडापर्यंत गप्प राहिलो, आणि भांडण तिथून खऱ्या अर्थाने सुरू झाले.

काकांकडे दारूगोळा भरपूर होता. 1940 साली आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली आणि ती तीन दशके टिकली, हे ते मला लग्नकार्यातसुद्धा ऐकवत. बंदीमागची कारणे खोटी नव्हती. पेटीचे सूर ठोकळेबाज असतात, त्यांवर मींड निघत नाही, आणि बारा स्वर समान अंतरावर बसवलेले असल्यामुळे शुद्ध गंधार तानपुऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे 14 सेंट चढा लागतो. (लगतच्या दोन पट्ट्यांत 100 सेंटांचे अंतर धरतात, तरीही हा फरक कानाला बोचतो.) मी हट्टाने माझ्या पेटीतला काळी एकचा गंधार उतरवून घेतला. पितळी सूर (पेटीत कंप पावणारी पितळी जीभ) मुळाशी घासला की उतरतो आणि टोकाशी घासला की चढतो, एवढी साधी विद्या आहे. दुसऱ्याच आठवड्यात पांढरी चारमध्ये गाणाऱ्या एका बाईंची साथ करायची वेळ आली आणि तोच उतरलेला सूर तिथे षड्ज म्हणून खोटा बोलू लागला. काकांना हे कळल्यावर त्यांनी आनंदाने कुंदा आणला.

विजापुरे मास्तरांना मी त्या रात्रीनंतर ऐकायला लागलो, म्हणजे आधीही ऐकले होते, पण तेव्हा मी गायकच ऐकत होतो. आता मी त्यांचे थांबणे ऐकू लागलो. गायक पुढे काय म्हणणार, हे ठाऊक असूनही त्याच्या आधी तिथे न पोहोचणे, त्याचा सूर संपता संपता तो उचलून धरणे, आणि पेटीला जे जमत नाही ते करण्याचा आव न आणणे, ही माझ्या दृष्टीने बुद्धीची कामे आहेत, वाढप्याची नव्हेत. तुम्ही विचारलेली प्रेरणा ती हीच. नोकरीत, घरात तिचा काय उपयोग झाला, हे विचारू नका. मी तिचा उपयोग पेटी वाजवण्यासाठी केला.

तुम्हाला कोणाला ऐकायचे असेल तर ज्या गायकाची मैफल तुम्हाला पाठ आहे तीच पुन्हा लावा आणि या वेळी फक्त पेटी ऐका. पहिल्या दहा मिनिटांत काही हाती लागणार नाही. गायक श्वास घेतो त्या जागांवर लक्ष ठेवा. पेटीवाला चांगला असेल तर त्या जागा भरलेल्या नसतील आणि रिकाम्याही वाटणार नाहीत.

दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. मी पूर्णवेळ वादक नाही, बँकेतून निवृत्त झालेला हौशी साथीदार आहे. आणि स्वतंत्र पेटीवादन ही निराळीच कला आहे. पेटीवादक आणि संगीतकार गोविंदराव टेंब्यांनी तिला जो मान मिळवून दिला, त्याला मी वर लिहिलेले संयमाचे नियम जसेच्या तसे लागू होत नाहीत. शिवाय दरबारी रागाचा आंदोलित (हळूच झुलणारा) गंधार पेटीवर येत नाही म्हणजे येतच नाही, या मुद्द्यावर काका बरोबर होते. 2011 साली ते गेले तोवर मी हे त्यांच्यापुढे कबूल केले नाही, कारण एवढे मान्य केले असते तर उरलेले सगळे मुद्देही आपण जिंकल्याचे त्यांनी त्याच दिवशी अख्ख्या वडगावात सांगितले असते.