कॉलबॅक ठीक आहे, त्याला दिलेला पत्ता चुकलाय

तुमचा प्रश्न असा: चादरींच्या बिलाच्या फॉर्मवर ‘उधारी’ची चौकट आहे. तिच्यात स्पेसबारने खूण केली की शेजारचा ‘मुदत, दिवस’ हा रकाना उघडावा, खूण काढली की बंद व्हावा. सी भाषेत न्यूट (टर्मिनलवर फॉर्म दाखवणारी लायब्ररी) वापरून कॉलबॅक लावलाय, म्हणजे चौकट बदलली की न्यूटने बोलवायचं तुमचं फंक्शन. एखाद्या दिवशी सुरळीत चालतो, एखाद्या दिवशी सेगमेंटेशन फॉल्ट, म्हणजे चुकीच्या मेमरीला हात लावल्यामुळे प्रोग्राम बंद.

कोड पाहिला. कॉलबॅक लावताना तुम्ही तीन गोष्टी देता: चौकट, फंक्शनचं नाव आणि एक पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता. हा तिसरा पॉइंटर न्यूट उघडूनही बघत नाही. वेळ आली की जसाच्या तसा तुमच्या फंक्शनच्या हातात ठेवते. तुमचा पॉइंटर ज्या स्ट्रक्टकडे बोट दाखवतो, ते स्ट्रक्ट (माहितीचा गठ्ठा) फॉर्म तयार करणाऱ्या फंक्शनचं लोकल आहे, म्हणजे ते फंक्शन संपेपर्यंतच टिकतं. ते फंक्शन फॉर्म परत देऊन मोकळं होतं आणि रन-फॉर्म, म्हणजे फॉर्म प्रत्यक्ष चालवणारं फंक्शन, नंतर मेनमध्ये चालतं. सोलापुरात गड्ड्याच्या यात्रेत लॉजची खोली सोडून बघा, तासाभरात तिथे दुसरं बिऱ्हाड असतं! स्टॅकवरची, म्हणजे लोकल गोष्टी राहतात त्या मेमरीतली, जागा तशीच. कोणी राहायला आलं नसेल त्या दिवशी तुमचा प्रोग्राम चालतो, एवढंच. स्ट्रक्ट स्टॅटिक करा, म्हणजे ते प्रोग्राम संपेपर्यंत टिकेल, किंवा मेनमध्ये ठेवा. चौकट बनवताना शेवटी निकालासाठी जो पत्ता देता, त्यालाही हेच लागू. तिथे सरळ नल (रिकामा पत्ता) द्या आणि किंमत चौकटीलाच विचारा.

दुसरी चूक लपलेली आहे. कॉलबॅकमध्ये चौकटीची किंमत ‘स्टेट’मध्ये घेऊन अट ‘इफ स्टेट’ एवढीच लिहिलीय. चौकटीची किंमत शून्य-एक नसते, ती अक्षर असते: खूण असेल तर तारा, नसेल तर मोकळी जागा. आस्कीत, म्हणजे अक्षरांच्या आकडी यादीत, मोकळी जागा म्हणजे 32, आणि सीमध्ये शून्य सोडून सगळं खरं, म्हणून अट कायम खरी. ताऱ्याशीच तुलना करा. रकान्याचा डिसेबल्ड फ्लॅग बदलल्यावर पडद्याचा रिफ्रेशही करा.

फॉर्म पहिल्यांदा उघडतो तेव्हा कॉलबॅक आपोआप चालत नाही. किंमत बदलली तरच चालतो. म्हणून रन-फॉर्मच्या आधी तेच फंक्शन एकदा स्वतः बोलवा.

‘मुदत’मध्ये फक्त आकडे हवेत, त्यासाठी कॉलबॅक नको. रकान्याचा कॉलबॅक माणूस रकाना सोडून पुढे गेल्यावर येतो, तोवर ‘तीस’ टाइप होऊन गेलेलं असतं. तिथे फिल्टर लावा, म्हणजे टाइप होणारं अक्षर तपासणारं तुमचं फंक्शन. न्यूट प्रत्येक अक्षराला त्याला विचारते, त्याने शून्य परत दिलं की अक्षर गळतं. तरी बिल साठवण्याआधी रन-फॉर्म परतल्यावर पुन्हा तपासा, कारण एफ-बारा दाबून फॉर्म मधूनच बंद करता येतो. तपासल्यावर फॉर्म डिस्ट्रॉय करा (मेमरीतून काढा), आधी नको. रकान्यातला मजकूर त्याच्याबरोबर जातो.

आणि कॉलबॅकमधलं ते प्रिंटएफ काढा, ते फॉर्मच्याच पडद्यावर मजकूर छापतं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात मी हेच केलं होतं. पडदा असा विस्कटला की मुनीमजींनी कीबोर्ड बाजूला सारून वही उघडली. फाइलमध्ये लिहा, एफफ्लश करा (म्हणजे मजकूर लगेच फाइलमध्ये जाईल) आणि दुसऱ्या टर्मिनलवर टेल (फाइलच्या शेवटच्या ओळी दाखवणारी कमांड) लावून बघत बसा.