तुटलेला स्पोक राहू द्या, ढिले आधी शोधा

महिन्याभरात सायकलच्या मागच्या चाकाचे दोन स्पोक (चाकातल्या तारा) तुटले, दोन्ही वेळा नवा टाकून आऊट, म्हणजे चाकाचा डावी-उजवीकडचा डगमग, काढला, तरी चाक ब्रेकला घासतंय आणि दुकानदार आता अख्खं चाक बदला म्हणतोय, असं तुम्ही लिहिलंय. घाई करू नका.

दोन्ही स्पोक हबजवळ (चाकाच्या मधल्या तुंब्याजवळ), वाकणावर तुटले असतील तर तो बहुतेक ढिलेपणाचा प्रताप. चाक फिरताना जमिनीकडे आलेल्या स्पोकचा ताण उतरतो, वर गेला की परत चढतो. मुळातच ढिला असलेला स्पोक दर फेऱ्याला पार सैल पडतो, वाकणापाशी हलतो आणि तार वाकवून वाकवून तोडावी तसा एक दिवस तुटतो. दुकानात नवा टाकतात, तेवढाच करकचून आवळतात. मग शेजारचा जातो.

म्हणून आधी एकेक स्पोक नखाने छेडून बघा. चेनच्या बाजूचे सगळे साधारण एका सुरात हवेत. गिअरच्या सायकलला डावीकडचे जरा ढिलेच असतात, त्यांचा सूर खालचा, पण आपसात सारखा. तंबोरा लावता येत नसला तरी बद्द आवाज कळतोच. तिथे खडूने खूण करा.

नवा स्पोक घेताना त्याच बाजूचा शाबूत स्पोक नमुना म्हणून न्या. डाव्या-उजव्याच्या लांबीत एखाद-दोन मिलिमीटरचा फरक असतो. मी एकदा 'चालतो हो' ऐकून लांब घेतला. टोक निप्पलच्या (स्पोक रिमला धरून ठेवणाऱ्या छोट्या नटाच्या) वर आलं आणि आठवड्यात तीन पंक्चर! चेनकडचा स्पोक घालायला फ्रीव्हील (मागच्या चाकावरची दातेरी चक्रं) उतरवावं लागतं, तेवढं मात्र दुकानातच करा. घरी हातोडी मारून मी त्याच्या खाचा खाऊन टाकल्यात.

आऊट घरी निघतो. सायकल उलटी करा, ब्रेक शू हीच मोजपट्टी समजा. रिम डावीकडे येते तिथले उजव्या हबकडे जाणारे दोन-तीन स्पोक पाव-पाव फेरा आवळा, डावीकडचे तेवढेच सोडा. एका वेळी अर्ध्या फेऱ्याच्या वर जाऊ नका. पाना निप्पलच्या मापाचाच हवा, नाहीतर कडा गोल होतात. शेवटी समांतर स्पोकच्या जोड्या मुठीत धरून जोरात दाबा. करकर आवाज येईल, घाबरू नका, पीळ सुटतो. मग आऊट पुन्हा बघा, आणि चाळीसेक किलोमीटर चालवल्यावर परत एकदा.

तुटलेल्या स्पोकवर चरे असतील तर गोष्ट वेगळी: चेन फ्रीव्हीलच्या सगळ्यात मोठ्या चक्राच्या मागे पडून तिने तो कापलाय. डीरेलरचा (गिअर बदलताना चेन सरकवणाऱ्या भागाचा) आतल्या बाजूचा स्क्रू आधी लावून घ्या. आणि आता तिसरा तुटला तर एकेकाच्या मागे न लागता त्या बाजूचे सगळेच बदला.

दुकानदाराचं कधी ऐकायचं? निप्पलच्या भोकाभोवती तडे असतील तेव्हा, किंवा सगळे स्पोक सैल करूनही रिम वाकडीच दिसत असेल तेव्हा. तरी हब शाबूत असेल तर चाक फेकू नका. नुसती रिम घ्या, आणि तिच्या मापाचे स्पोक.