घरात 6 बाय 4 फुटांचा, 2 फूट खोल माशांचा हौद करतोय. आत अंथरायला स्वस्तात काय मिळेल?

सोलापुरात असाल तर शेततळ्याचा कागदच (म्हणजे जाड प्लास्टिक) बघा, 500 मायक्रॉनचा. ईपीडीएम (तळ्यात अंथरायचं लवचिक रबर) उत्तम, उन्हातही टिकतं, पण महाग. आणि घरात ऊन लागत नसताना तेवढा खर्च कशाला? शेततळी अंथरणाऱ्यांकडे उरलेले तुकडे असतात, घासाघीस करा. 12 बाय 10 फुटांचा अखंड तुकडा घ्या (दोन्ही बाजूंची खोली आणि काठावर फूट-फूट धरून). हा कागद ताठ असतो, कोपऱ्यात कापू नका, पाकिटासारखी घडी घाला. खाली जुनी सोलापुरी चादर, म्हणजे खडे टोचणार नाहीत. साधी ताडपत्री मात्र नको, घडीवर झिरपते. मासे सोडण्याआधी कागद धुऊन पाणी एकदा बदला.