वाचकांचे प्रश्न : गिटार, दारू अन् बँडमधली भांडणं

मागच्या अंकात मी एरिक क्लॅप्टन या इंग्लंडच्या गिटारवाल्याच्या आत्मचरित्राबद्दल लिहिलं होतं. २००७ साली आलेलं पुस्तक आहे, त्यात त्याने आपलं नाव कसं झालं, हेरॉइन ही नशेची पूड कशी लागली, मग दारू कशी लागली, बँड कसे जुळले नि कसे फुटले, सगळं स्वतःच सांगितलंय. मला वाटलं दोन-चार पत्रं येतील, पण ढीगच आला, आणि त्यात गाण्याबद्दल विचारणारं एखाददुसरंच, बाकी सगळी घरातल्या दारूबद्दल. जागेपुरती पाच घेतोय. नाव कोणाचंच छापत नाही.

प्रश्न : माझा लहान भाऊ झाडीपट्टीच्या नाटकात ऑक्टोपॅड वाजवते. दिवाळीपासून होळीपर्यंत रातभर नाटक अन् दिवसा झोप. दोन वर्षांपासून पेल्याशिवाय स्टेजवर बसतच नाही. तुमचा लेख मीच त्याले वाचून दाखवला तर मलेच म्हणते का, "पाय, एवढा मोठा माणूस, तोही पिऊनच मोठा झाला ना." आता त्याले काय सांगू? (एक बहीण, आरमोरी तालुका)

उत्तर : ताई, तुमच्या भावाने पुस्तकातलं अर्धंच धरलं. मी लेखात सालं नीट मांडली असती तर कदाचित त्याला तसं धरता आलं नसतं, म्हणून आता मांडतो, त्याला शेजारी बसवून वाचा.

क्लॅप्टनचा जन्म १९४५ चा. आजी-आजोबांनी वाढवलं, ते आईबाप आहेत आणि खरी आई आपली मोठी बहीण आहे असं समजून हा पोरगा लहानाचा मोठा झाला. खरं कळलं तेव्हा आतून तुटला आणि गिटारला जाऊन चिकटला. साठच्या दशकाच्या मध्यावर लंडनच्या भिंतीवर लोकांनी "क्लॅप्टन देव आहे" असं रंगवलं, तेव्हा हा विशीतला पोरगा, आणि हेरॉइन अजून लागलेली नव्हती. म्हणजे नाव आधी झालं, हाताने झालं, तासन् तास बसून ब्लूजच्या, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या गाण्याच्या, रेकॉर्डी ऐकून ऐकून झालं. हेरॉइन सत्तरच्या सुमारास आली. १९७० च्या 'लैला' अल्बमच्या वेळी नशा सुरू झालेली होती, ते मी लपवत नाही, आणि तो अल्बम चांगलाच आहे. पण त्यानंतर काय झालं ते बघा ना! जवळपास तीन वर्षं माणूस घरात कोंडून बसला. ऑगस्ट १९७१ मध्ये न्यूयॉर्कला बांगलादेशसाठी मदतीचा कार्यक्रम झाला, आपले पंडित रविशंकर होते त्यात, तिथे हा कसाबसा उभा राहिला. मग थेट जानेवारी १९७३ मध्ये मित्रांनी ओढून लंडनच्या स्टेजवर आणला. ऐन पंचविशी-सत्ताविशीतली वर्षं, जेव्हा हात सगळ्यात चांगला चालतो, ती अशी गेली.

हेरॉइन सुटली, तर तिच्या जागी दारू येऊन बसली. एक अख्खा कार्यक्रम त्याने स्टेजवर आडवं पडून वाजवला, माइकचा स्टँडही बाजूला आडवा ठेवून. १९८१ मध्ये पोटात अल्सर फुटायला आले, दवाखान्यात टाकावं लागलं, अमेरिकेचा सगळा दौरा रद्द. आणि आता भावाला हे विचारा, की त्याला एका रात्रीत सहा ग्रॅमी पुरस्कार मिळाले ते कधी? १९९३ मध्ये. त्यातला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचा ज्याला मिळाला तो अल्बम वाजवला जानेवारी १९९२ मध्ये, साध्या गिटारवर, खुर्चीत बसून, आणि दारू त्याने सोडली होती १९८७ मध्ये.

मी स्वतः सहा सीझन वडसाकडच्या नाटक कंपनीत ऑर्गनला बसलोय, त्यामुळे तिथली थंडी मला माहीत आहे. पहाटे दोन-अडीचला बोटं आखडतात, कोणीतरी मागून पेला सरकवतो, आणि पेल्यावर वाटतं की आता हात मस्त सुटला. तो सुटलेला नसतो ताई. ठेका मागे पडतो, फक्त ज्याने घेतली त्यालाच ते ऐकू येत नाही, बाकी सगळे त्याला सांभाळून घेत वाजवतात. तर एक करा. कोणाला तरी मोबाईलवर एका रात्रीचं रेकॉर्डिंग करायला सांगा आणि दुपारी जेवण झाल्यावर, भाऊ शुद्धीत असताना, काही न बोलता त्याला ऐकवा. तो वाजवणारा आहे, त्याचा कान त्याला सांगेल. तुमच्या गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे तरी मोहाची मिळतेच, पण त्याच जिल्ह्यात मुक्तिपथचे लोक गावोगाव व्यसनमुक्तीचं काम करतात, तालुक्याला त्यांच्याकडे चौकशी करा. आणि कंपनीच्या मालकाशी बोलायचं तर सीझनच्या आधी बोला, तारखा लागल्यावर कोणी ऐकत नाही.

प्रश्न : आमची धुमाल पार्टी आहे, नऊ जण. दोघं एक नंबर वाजवणारे, पण वर्ष झालं एकमेकांशी बोलत नाहीत. वरातीत एकानं जोर केला का दुसरा त्याच्यावर जोर करते, साऱ्या गाण्याचा चेंदामेंदा होते. पार्टी फोडावी का? (दारव्हा तालुका)

उत्तर : भाऊ, तुमचं पत्र वाचून मी पुस्तकातलं क्रीमचं प्रकरण परत काढलं. क्रीम म्हणजे १९६६ मध्ये तिघांनी मिळून केलेला बँड, क्लॅप्टन गिटारवर, जॅक ब्रूस बेसवर नि गाण्यावर, जिंजर बेकर ड्रमवर. ब्रूस आणि बेकर आधीच्या एका बँडमध्ये अक्षरशः मारामारीवर आलेले होते, बेकरने त्याला तिथून काढलं होतं, आणि तरी क्लॅप्टनने हट्ट धरला की ब्रूस पाहिजेच. कारण दोघं एकत्र वाजवायला लागले की तसं दुसरं कोणीच वाजवत नव्हतं. मग झालं तुमच्याच वरातीसारखं. एकाने आवाज वाढवला की दुसऱ्याने वाढवायचा, आवाज मोठा करणाऱ्या अ‍ॅम्पच्या भिंती उभ्या राहिल्या, आणि एका कार्यक्रमात क्लॅप्टन मधेच वाजवायचा थांबला तरी त्या दोघांना पत्ताच लागला नाही! नोव्हेंबर १९६८ मध्ये लंडनला निरोपाचा कार्यक्रम करून मोकळे झाले. दोन-अडीच वर्षांतच संपलं सगळं.

पण भांडण नुसतं आवाजाचं नव्हतं. गाणी जास्त करून ब्रूस आणि त्याच्यासोबत शब्द लिहिणारा पीट ब्राउन यांच्या नावावर होती, पैसे तिकडे जायचे, आणि बेकरला ते आयुष्यभर बोचत राहिलं. २००५ मध्ये परत एकत्र आले, मे महिन्यात लंडनचे कार्यक्रम गोडीत झाले, ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कला गेले आणि सदतीस वर्षांपूर्वीचंच भांडण पुन्हा स्टेजवर.

तेव्हा फोडायच्या आधी वही काढा. सुपारी किती आली, गाडीभाडं किती, कोणाला किती, ओवाळणीचे नि उधळलेले पैसे कोणाच्या खिशात गेले, सगळ्यांसमोर लिहा. माझा अंदाज आहे, अर्धं भांडण तिथे निघेल. उरलेलं अर्धं आवाजाचं, त्याला वरातीत तिसऱ्या माणसाने हात दाखवायचा, आणि तो हात दोघांनीही मानायचा, हे आधी ठरवून घ्या. एवढं करूनही जमलं नाही तर फोडा, पण लग्नसराई संपल्यावर, एखाद्याच्या दारात वरात उभी असताना नको.

प्रश्न : ते 'लैला' म्हणजे आपलं लैला-मजनूवालंच का? (अचलपूर)

उत्तर : हो, तेच. निजामी या फारसी कवीने बाराव्या शतकात ती गोष्ट काव्यात लिहिली, क्लॅप्टनच्या हाती ती आली तेव्हा तो आपल्या जिवलग मित्राच्या, बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनच्या बायकोच्या प्रेमात होता, आणि मजनूमध्ये त्याला स्वतःचं तोंड दिसलं.

प्रश्न : तुकडोजी महाराजांची खंजिरी ज्या मातीत वाजली तिथल्या वाचकांना तुम्ही एका इंग्रज दारुड्याच्या गोष्टी का सांगता? (एक सेवानिवृत्त शिक्षक, मोर्शी तालुका)

उत्तर : गुरुजी, तुमचा राग मला मान्य आहे. महाराजांनी खंजिरीवर गावंच्या गावं जागी केली, व्यसनाविरुद्ध भजनातून आणि ग्रामगीतेतून सांगितलं, आमच्या गावच्या गुरुदेव सेवा मंडळात बसूनच मला पहिल्यांदा ताल कळला. आणि तुम्ही म्हणता त्याहून वाईट गोष्ट मी मागच्या लेखात सांगायची राहिली, ती आज सांगतो. १९७६ मध्ये बर्मिंगहॅमच्या स्टेजवरून दारूच्या नशेत क्लॅप्टन बाहेरून आलेल्या लोकांविरुद्ध अतिशय घाण बोलला, म्हणजे तुमच्या-माझ्यासारख्या रंगाच्या माणसांविरुद्ध. त्यावरून तिकडे वंशद्वेषाविरुद्ध कलावंतांची चळवळच उभी राहिली. २०१८ मध्ये त्याने जाहीरपणे म्हटलं की मला माझी लाज वाटते. नशेत बोललो म्हणून ते बोलणं पुसलं जात नाही, असं माझं मत आहे.

तरी मी हे पुस्तक का सांगतो? कारण आपल्याकडे दारूबद्दल बोलणारा नेहमी न पिणारा असतो. पिणारा खाली मान घालून ऐकतो आणि उठून जातो. इथे पिणारा स्वतः बोलतोय, त्याला काय काय सुचायचं ते सांगतोय. एके ठिकाणी तो म्हणतो की जीव द्यावासा वाटायचा, पण मेल्यावर दारू पिता येणार नाही म्हणून दिला नाही. हे वाक्य मी आमच्या पारावर सांगितलं तेव्हा दोघंजण जे गप्प झाले ते कीर्तनात कधी गप्प झालेले मी पाहिले नाहीत.

प्रश्न : मी कास्तकार हाय, पाच एकर कोरडवाहू. वीस वर्षांपासून पितो, आता सकाळीही लागते. तीनदा घरीच सोडली. दुसऱ्या दिवशी हात लटलट कापते, घाम, झोप नाही, अन् मागच्या खेपेले तिसऱ्या रात्री भिंतीवर किडे दिसाले लागले. बायको घाबरली, तिनंच आणून देल्ली. पोरगी सातवीत हाय. हे पत्र तिच्याच हातून लिहून घेतो. माह्यानं होईन का? (आर्णी तालुका)

उत्तर : दादा, होईल. पण चौथ्यांदा घरी सोडू नका, हे आधी.

तुम्हाला जे झालं त्यात मनाचा कमकुवतपणा काही नाही. वीस वर्षं रोज दारू गेली की मेंदू तिच्या हिशोबाने चालायला शिकतो, आणि ती एकदम तोडली की तो बेफाम होतो. आधी हात कापतात, मग काहींना फिट येते, आणि दोन ते चार दिवसांच्या मधे भास होतात, माणूस बरळतो, ताप चढतो. यात जीव जाऊ शकतो. तुमच्या बायकोने घाबरून जे केलं त्याबद्दल तिला कोणी बोल लावू नये. दवाखान्यात हेच गोळ्या देऊन, थोड्या थोड्या कमी करत, सात-दहा दिवसांत सांभाळून काढतात, सोबत बी-वन व्हिटॅमिन देतात, कारण दारूने ते शरीरातून संपलेलं असतं आणि त्याच्यावाचून मेंदूला कायमची इजा होते. यवतमाळच्या सरकारी मेडिकलमध्ये मानसोपचार विभागात जा. जाण्याआधी काही विचारायचं असेल तर १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे मनाच्या आजारांसाठीच्या सरकारी मदतीच्या, नंबरवर मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत, रात्रीही उचलतात.

तीनदा सुटून परत लागली म्हणून खचू नका. क्लॅप्टन हेरॉइनमधून निघाला तेव्हा त्याला एका मित्राच्या शेतावर ठेवलं होतं. राबला, घाम गाळला, अंगात ताकद आली, आणि तिथेच संध्याकाळची दारू लागली. म्हणून नुसतं कामात मन गुंतवा असं मी तुम्हाला सांगणार नाही, काम तुम्ही वीस वर्षं करतच आलात. जानेवारी १९८२ मध्ये तो पहिल्यांदा व्यसनमुक्ती केंद्रात गेला, बाहेर आला, काही वर्षांनी परत प्यायला लागला. १९८७ मध्ये पुन्हा त्याच केंद्रात गेला, कारण त्याला कॉनर नावाचा लहान पोरगा होता. तिथे एके दिवशी खोलीत गुडघ्यावर बसून त्याने मदत मागितली, आणि त्या दिवसापासून आजवर प्यायला नाही. मार्च १९९१ मध्ये तो साडेचार वर्षांचा पोरगा न्यूयॉर्कच्या त्रेपन्नाव्या मजल्यावरून पडून गेला. तेव्हाही नाही. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे दारू सोडणाऱ्यांनीच एकमेकांना आधार द्यायला चालवलेली संघटना, तिच्या बैठकीत हे सांगितल्यावर एक बाई त्याच्याकडे आली आणि म्हणाली, प्यायला माझ्याकडे एक कारण शिल्लक होतं, ते तुम्ही आज नेलं. अशा बैठका विदर्भातही होतात, फी नसते, आडनाव विचारत नाहीत. दवाखान्यातून बाहेर पडल्यावर तिथे जाणं सोडू नका, कारण शरीरातली दारू दहा दिवसांत निघते, पण संध्याकाळ रोज येते.

दवाखान्यात जाताना एकटे जाऊ नका, बायकोला सोबत घ्या, रोज किती पिता आणि शेवटची कधी घेतली ते डॉक्टरांना खरं सांगा. भिंतीवर किडे दिसले होते तेही सांगा, लाजू नका, गोळ्यांचं प्रमाण त्यावरूनच ठरतं. आणि पोरी, हे पत्र तू लिहिलंस, तुझं अक्षर फार स्वच्छ आहे. बाबा परत आले की त्यांच्याकडून सांगून घेऊन मला दुसरं पत्र लिही, मी वाट बघतोय.